मारुतीच्या पलीकडं पाहुणी, अलीकडं लेक

काय सांगू ताई तुम्हाला, माझी गोष्ट खरं तर या खिळ्यापासून सुरू करायला पाहिजे, हा बघा, दाराच्या मागं ठोकलेला, पण तुम्ही म्हणता जन्मापासून सांगा, तर जन्मापासून सांगते. नाव माझं निर्मला. माहेर खांडबाऱ्याच्या अलीकडचं एक खेडं, रेल्वेची शिटी ऐकत वाढलेली मी, सातवीपर्यंत शाळा शिकले म्हणून तुमच्यासमोर ही पुस्तकातली मराठी बोलून राहिले, मधीच अहिराणी सुटली तर सुटू द्या, लिहिताना नीट करू नका. लग्न होऊन इथं आले, शहादा तालुक्यात, तापीकाठच्या या गावात, या गल्लीत. तेव्हा गल्ली अशी भरलेली की विचारू नका, समोरासमोर धाब्याची घरं, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, इकडं फोडणी टाकली की समोरच्या घरात ठसका लागायचा आन् तिकडून लगेच आवाज यायचा, काय व निमावहिनी, आज मिरची जास्त व्हयी गयी का?

आता आमच्याकडची एक रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्यात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, आन् तोंडातून शब्द नाही. सासू असली की सून सासूला सांगते, सासू सासऱ्याला सांगते, चालतं काम. पण माझी सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली, आमचे हे दिवसभर केळीच्या वावरात, घरात मी, आन् ओट्यावर सासरे, त्यांना सारं गाव आप्पा म्हणतं. मंग जेवायला वाढलं हे सांगायचं कोणाला? अंगणात म्हैस होती, चंद्री. मी चंद्रीकडं तोंड करून म्हणायची, चंद्री, भाकर वाढेल शे वं, थंडी होई जाई. की आप्पा उठून पाटावर येऊन बसायचे. त्यांना काही सांगायचं असलं की तेही चंद्रीलाच सांगायचे, चंद्री, आज वरनमा मीठ नही वाटतं. अशी आमची बोली. ती चंद्री म्हातारी होऊन मेली, तिच्या पारडीचं नाव चंद्रीच ठेवलं, आता बांधलेली आहे ती तिसरी चंद्री. तुम्ही हसता ताई, पण शपथ सांगते, लोक दुधासाठी म्हैस ठेवतात, आमच्या घरात बोलण्यासाठी ठेवलेली.

हां, खिळा. तर सुरत इथून काय लांब नाही, नवापूर ओलांडलं की गुजरात लागतं, आन् आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून तिकडं जायला लागली. कोणी लूमवर, कोणी हिऱ्याच्या कारखान्यात, कोणी साड्यांच्या घड्या घालायला. पहिलं घर बंद झालं तेव्हा त्या घरची बाई जाताना चावी माझ्या हातात देऊन गेली, निमावहिनी, अमावसले दार उघाडजो, दिवा लावजो. मी म्हटलं, लावसू व माय, तू चिंता नको करू. आन् चावी हरवायला नको म्हणून हा खिळा ठोकला. मंग दुसरी चावी आली. मंग तिसरी. मंग दर दिवाळीनंतर कोणी ना कोणी दारात उभं, हातात चावी, डोळ्यात पाणी. आन् धाब्याच्या घराचं काय असतं ताई, दर पावसाळ्याआधी वर खारी माती टाकावी लागते, एक साल टाकली नाही की पाणी मुरतं, भिंत फुगते, घर खाली बसतं. मी एकटी बाई किती धाब्यांवर माती टाकणार? अमावस्येला दिवे लावत फिरायची, एका घरातून दुसऱ्या घरात, आत सगळीकडं कोळ्यांची जाळी आन् तो बंद घराचा वास. खिळ्यावर चाव्या एवढ्या झाल्या की दार लावलं की खुळखुळ वाजायच्या. मला त्या आवाजाचा राग यायचा, खरं सांगते. वाटायचं, हा आवाज आता आपल्या घरालाच बोलावून राहिला.

आन् तसंच झालं. माझा भूषण, एकुलता एक, तो शहाद्याच्या स्टँडवरून दुसऱ्याची कालीपिली जीप चालवायचा, सीट भरल्या तर भरल्या, नाही तर दिवस कोरडा. त्याच्या बायकोच्या, योगिताच्या भावानं त्याला सुरतला काम बघितलं. एक दिवस जेवताना म्हणतो, आई, आपन सगळाच जाऊत, तुम्ही बी चाला, पन मले एक सांग, आपला घरनी चावी कोनाकडे ठेवानी? मी हातातली भाकर तशीच खाली ठेवली. साऱ्या गल्लीच्या चाव्या माझ्याकडं, आन् माझी चावी ठेवायला गल्लीत जागा नाही. समोर पुष्पा होती, पण तिचा नवरापण सुरतेला खोली बघून आलेला. मी भूषणला म्हटलं, एक साल थांब. तो म्हणाला, एक सालमा काय व्हनार शे? मला पण माहीत नव्हतं काय होणार आहे. पण थांब म्हटलं.

मधी आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, तुमच्याकडं सोनं घेतात, आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीचा सण. आम्ही लेकीला आंडेर म्हणतो. लग्न झालेली आंडेर कुठंही असो, आखाजीला माहेरी येणार, निंबाला झोके बांधणार, पोरीबाळी गाणी म्हणत झोके घेणार, पितरांची घागर भरणार, आमरस आन् मांडे खाणार, नवी बांगडी भरून परत जाणार. आता माझं सांगते. माझे आईबाप गेल्यावर भावानं शेत विकलं, घर विकलं, तो पण सुरत. त्याच्या एका खोलीत त्याची चार माणसं कशी झोपतात ते तोच जाणे, तिथं मी कुठं जाऊ? तेव्हापासून मला आखाजीचं माहेर नाही. दुसऱ्यांच्या आंडेरींसाठी मांडे करायचे, आन् झोक्याकडं बघायचं नाही, असं मी मनाशी ठरवलेलं.

तर त्या आखाजीला, ज्या घराची पहिली चावी माझ्याकडं आली त्या घरची लेक शोभा सुरतहून आली, माझ्याचकडं उतरली, आन् सोबत एक मैत्रीण घेऊन आली, मीनल. मीनल तिकडं एका दवाखान्यात नर्स. आईबाप नाहीत, भाऊ नाही, नवरा चांगला आहे पण माहेर म्हणून जायला दार नाही. ती बाई झोक्यावर बसली ताई, आन् उतरायलाच तयार नाही. खाली उतरली तर मांड्यांना बसली. मांडे तुम्ही बघितले का करताना? पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन, उडवत उडवत, रुमालासारखा मोठा करायचा आन् चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायचा. ती बघतच राहिली. जाताना शोभाची ओटी भरली तशीच मी तिचीपण भरली, गहू, नारळ, खण, हातात हिरव्या बांगड्या. तर ती तिथंच, दाराच्या चौकटीला धरून रडली. म्हणाली, मावशी, माझ्यासारख्या आमच्याकडं खूप जणी आहेत, सुट्टी मिळाली की हॉटेलात जाऊन राहतात, पैसे देतात आन् रिकाम्या परत येतात, पुढच्या वर्षी त्यांना घेऊन आले तर? फुकट नाही येणार. मी म्हटलं, ठेवू कुठं माय एवढ्या जणींना? आन् ती गेल्यावर मी दार लावलं, तर मागं चाव्या खुळखुळल्या.

ताई, इतकी वर्षं तो आवाज ऐकत होते, त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या चाव्यांमधी कुलपं नाही, घरं दिसली. अहो, एवढी घरं रिकामी पडलेली आन् मी म्हणते ठेवू कुठं!

लगेच पुष्पाला बोलावलं. पुष्पा म्हणजे तोंडानं तिखट आन् हातानं गोड, तिच्यासारखा मांडा आख्ख्या तालुक्यात कोणाचा नाही. ती म्हणाली, यडी व्हयी गयी का तू, आपला गावले कोन फिराले येस? तापीमा पाय धोवाले? मी म्हटलं, फिरायला नाही, माहेरी येतील. मंग भूषणच्या फोनवरून एकेका घरवाल्याला सुरतला फोन लावले. दोघं-तिघं म्हणाले, निमावहिनी, वापर तू, पन धाबावर माती टाकी दे. एक जण म्हणाला, माझ्या घरात परकी माणसं नको. मी म्हटलं, तुझ्या घरात आता घुशी राहतात, त्या काय तुझ्या भाऊबंद आहेत का? तो हसला, आन् हो म्हणाला.

राहिले आप्पा. त्यांना कसं सांगायचं? मी चंद्रीसमोर पेंड ठेवली आन् सगळं तिलाच सांगितलं, चंद्री, आपली गल्लीमा पुढली आखाजीले आंडेरी येनार शेत, ज्यास्ले माहेर नही अश्या, तुन्हं काय म्हननं शे? आप्पा काठी घेऊन उठले. मला वाटलं, झालं, आता काठी आपटतात. तर आप्पा चंद्रीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, चंद्री, आंडेर येवाले नही कोन म्हनस वं? तिले सांग, झोका मी बांधसू. आन् खरंच, एवढा म्हातारा माणूस, कासऱ्यासारखा जाड दोर शहाद्याच्या बाजारातून स्वतः निवडून आणला, निंबाची फांदी स्वतः बघितली, पोरांकडून तीन वेळा गाठ सोडवली आन् बांधवली. सालभर आम्ही माती टाकली, भिंती सारवल्या. आम्ही म्हणजे मी, पुष्पा, योगिता आन् गल्लीत उरलेल्या चार-पाच बाया. आमच्यात मांडे एकटीनं होतच नाहीत ना ताई, एक मळते, एक उडवते, एक चूल बघते, ज्या घरी कार्य त्या घरी साऱ्या जणी आपापलं खापर घेऊन जातात, मजुरी कोणी कोणाला देत नाही. तसंच हे काम धरलं. आज माझ्या वाट्याच्या भिंती, उद्या तुझ्या.

आखाजीला मीनल आली, सोबत पाच-सहा जणी. एक बँकेतली होती, एक शाळेतली, एकीचे आईबाप दोघं करोनात गेलेले. फाट्यावरून भूषणनं जीपमधी आणलं. काय सांगू ताई, असं वाटलं की गल्लीच जागी झाली. चार घरांच्या चुली पेटल्या, झोक्यावर हसणं, धाब्यावर बसून आंबे चोखणं, संध्याकाळी तापीवर जाऊन आल्या, जवळच्या प्रकाशा गावी महादेवाच्या पाया पडून आल्या. आप्पा ओट्यावर बसून प्रत्येकीला विचारायचे, पोरी, पोटभर जेवनी का? आंडेरींशी बोलायला त्यांना म्हैस लागत नव्हती, बघा, ते फक्त सुनेसाठी. मी पदरामागून हसायची.

आन् जायच्या दिवशी आमचं सगळं बुडलं. ओटी भरून झाली, मीनलनं पाकीट काढलं, साऱ्या जणींचे गोळा केलेले पैसे, ठरल्यासारखे. भूषण पुढं झाला घ्यायला. तेवढ्यात ओट्यावरून आप्पा गरजले, चंद्री! आंडेरना हातमाईन पैसा लेतस का कोनी? मन्ह्या घरमा? भूषणनं हात मागं घेतला. मीनल म्हणाली, आप्पा, हे ठरलेलं आहे. आप्पा म्हणाले, कोनी ठरावं? बाप आंडेरले देस, लेत नही. ठेव ते पाकीट. एवढंच करून थांबले असते तरी बरं. ते म्हणाले, ह्या पोरीस्ले नुसता खण कसाले, चोळी-लुगडं द्या. आन् योगितानं स्वतःच्या लग्नातल्या साड्या काढून दिल्या ताई, सासऱ्याच्या बापापुढं ती तरी काय बोलणार? पोरी रडत रडत गेल्या, खूश होऊन गेल्या. आन् आम्ही बाया चुलीपाशी डोक्याला हात लावून बसलो. तूप गेलं, डाळ गेली, आंबे गेले, सालभराची मेहनत गेली, वर साड्या गेल्या. पुष्पा म्हणाली, असा धंदा जगमा कोनीच करेल नही, गिऱ्हाईकले पैसा परत आन् वरतून लुगडं!

पण ताई, रागावू कोणावर? आप्पा चुकले नव्हते. तीच तर आमची रीत आहे. मीच त्यांना आंडेरी म्हणून बोलावलं, मंग आंडेरीकडून पैसा कसा घेणार? पाहुण्या म्हणून बोलावलं असतं तर त्या आल्या नसत्या. आमची मान आमच्याच दोरात अडकलेली. दुसऱ्या दिवशी भूषणनं माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली आन् म्हणाला, आई, साल व्हयी गयं. मी थांबनू. आते जाऊ दे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा चंद्रीशी ओरडून बोलले. आप्पा ओट्यावर, मी गोठ्यात, हातात चाऱ्याची पेंढी, ती खाली आपटली आन् म्हटलं, चंद्री, आयक वं! मन्हा पोऱ्या सुरत जाई ऱ्हायना. तो गया का ह्या घरले बी कुलूप. मंग पुढली आखाजीले त्या आंडेरी कोनाकडे येतीन? कुलूपले गळा लावतीन का? बांगड्या भरनारा हात तरी गल्लीमा ऱ्हायाले पाह्यजे का नही, इचार तुन्हा मालकले! बोलून गेले आन् मंग पेंढी उचलून पुन्हा तिच्यापुढं टाकली. चंद्रीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, तिला पण असं कोणी कधी बोललं नव्हतं.

आप्पा ओट्यावरून उठले. काठी घेतली आन् निघाले. दुपारचं जेवायला आले नाहीत. मी भूषणला पाठवलं, तो येऊन सांगतो, आप्पा वेशीवरच्या मारुतीपाशी बसेल शेत, मारुतीकडे देखी ऱ्हायनात. संध्याकाळी आले. पाय धुतले. चंद्रीसमोर उभे राहिले आन् सरपंचानं निकाल सांगावा तसं बोलले, चंद्री, आयक. मारुतीना पल्याड जी उभी शे ती पाहुनी. मारुतीना अल्याड उनी का आंडेर. पाहुनीकडथीन लेवाले हरकत नही, जगनी रीत शे. आंडेरकडथीन एक पै नही. आन् मारुतीनं तोंड गावकडे शे. पाठमांगे फाटावर काय चालस, ते तो देखत नही. एवढं बोलून पाटावर जाऊन बसले आन् भाकर मागितली.

मी आत पळाले आन् तोंडात पदर कोंबून हसले, हसता हसता रडले. भूषणनं पेटी परत माळ्यावर टाकली, मला न विचारता. तो धप्प आवाज अजून माझ्या कानात आहे.

तेव्हापासून तसंच चालतं. बाया एसटीनं किंवा गाडीनं फाट्यावर उतरतात, तिथं भूषण जीप लावून उभा, सोबत योगिता, जे काय ठरलेलं ते तिथं घेतो, गाडी मारुतीला वळसा घालते, आन् मारुती ओलांडला की पैशाचा शब्द काढायचा नाही. आता तर काय, पैसे मोबाईलवर येतात. एकदा एका बाईनं फाट्यावर पाठवले आन् नेटवर्कमुळं ते आले गल्लीत आल्यावर, योगिताच्या फोनमधली पैसे सांगणारी बाई मोठ्यानं बोलली, एवढे रुपये मिळाले. आप्पांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून हुकूम निघाला, मारुतीना अल्याड पैसाना फोन वाजाले नको. योगिता आता मारुती आला की फोनचा आवाज बंद करते, पोरंबाळं चेष्टा करतात, मारुती उना, मारुती उना. साड्या आता योगिताच्या नाही, शहाद्याच्या मारवाडी शेटकडून आणतो, त्याच्या सुनेनं पण एकदा विचारलं, मला घ्याल का आखाजीला? तिचं माहेर राजस्थानात, लांब. म्हटलं ये, मारुती ओलांड आन् ये.

पहिल्या सालानंतर मीनलनं किती जणींना सांगितलं कोण जाणे. नाशिकहून आल्या, पुण्याहून आल्या. आखाजी तर झालीच, हिवाळ्यात पण यायला लागल्या, भरताला. वावरात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, कांद्याची पात, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, तिथंच केळीच्या पानावर जेवायचं. आमचे हे, ज्यांना आयुष्यात मी दहा वाक्यं सलग बोलताना ऐकलं नाही, ते पाहुण्यांना केळीचा घड दाखवून तासभर बोलतात आता. पैसा गल्लीत वाटून घेतो, जिनं जेवढे दिवस हात लावला तिला तेवढं. भांडणं होतात, नाही कशाला म्हणू, पुष्पा आहे म्हटल्यावर होणारच. पण संध्याकाळी खापर एकाच चुलीवर चढतं.

मधी एक साहेब आले होते, मोठी गाडी, सहलीची कंपनी म्हणे. त्यांना सगळं आवडलं. म्हणाले, आम्ही दर शनिवारी बस पाठवतो, तुम्ही दर शनिवारी आखाजी करा, झोके लोखंडी लावून देतो, रंगीत. पैसा चांगला सांगितला, भूषणची मान हलायला लागलेली मी बघितली. आप्पा म्हणाले, बाप्पा, आखाजीले पितर जेवाले येतस. दर शनवारले बलावं, ते त्या म्हनतीन, यास्ना घरमा काय कामधंदा शे का नही? साहेबाला कळलंच नाही हसायचं का काय. पण त्यालाही मांडे खाऊ घालूनच पाठवलं. भूषण थोडे दिवस तोंड पाडून बसला, मंग त्याचं त्यालाच कळलं, दर शनिवारी केलं असतं तर आम्ही बाया दोन महिन्यांत मेलो असतो.

आन् चाव्या. पुष्पाच्या नवऱ्यानं सुरतेची खोली सोडली, पुष्पा कधी गेलीच नाही. मंग ज्यानं परकी माणसं नको म्हटलं होतं, घुशीवाला, तोच एक दिवस बायकोला घेऊन दारात उभा. म्हणाला, वहिनी, चावी द्या, लूमवर कान बहिरे झाले, इथं पिठाची गिरणी टाकतो. मी खिळ्यावरून चावी काढली ताई, पदरानं पुसली आन् त्याच्या हातात दिली. आजवर मी फक्त घेतलेल्या, दिलेली एक पण नाही. त्यानंतर अजून एक कुटुंब आलं. जे नाही आले त्यांची घरं पाहुण्यांनी उघडी असतात, धाब्यावर दर साल माती पडते, चावी दारालाच लटकलेली. सारेच परत येतील असं मी म्हणत नाही, सुरतनं पण लोकांना जेवू घातलंय. पण गल्लीत आता सांजेला अंधार राहत नाही.

आता या आखाजीचं सांगते आन् थांबते. जायच्या दिवशी साऱ्या जणींना पाटावर बसवलेलं ओळीनं, पुष्पा ओटी भरत होती, मी मागं बांगड्यांची टोपली घेऊन उभी. शेवटी एक पाट रिकामा राहिला. मी म्हटलं, जास्तीचा मांडला वाटतं कोणी, आन् उचलायला वाकले. तर आप्पा म्हणाले, निर्मला, तू बठ.

ताई, माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं. मला वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणून राहिले. मी सवयीनं चंद्रीकडं बघितलं. आप्पा म्हणाले, चंद्रीकडे काय देखस? तुलेच सांगी ऱ्हायनू. तुन्हं माहेर बंद पडनं, ते माले माहीत शे, मी इतला साल देखी ऱ्हायनू, तू झोकाकडे पाठ करीसन उभी ऱ्हास. पाट मीच मांडाले सांगा. बठ. आज तू बी आंडेर. मीनलनं माझ्या हातातली टोपली घेतली. मी बसले. पुष्पानं ओटी भरली, तिखट तोंडाची ती पण डोळे पुसत होती. आन् मी पदर डोक्यावर तसाच ठेवून, पण मान वर करून, म्हटलं, हो आप्पा. दोनच शब्द. माझा आवाज मलाच नवा वाटला. मंग त्या पोरींनी मला झोक्यावर बसवलं, या वयात, आन् असा झोका दिला की मला धाब्यांच्या वरून तापी दिसली.

आता आम्ही सरळ बोलतो, मी आन् आप्पा. चंद्रीला चुकल्यासारखं होतं, मधीच हंबरते. मंग आप्पा तिला पण काही तरी सांगतात.

हा खिळा आता असा आहे, बघा. चावी एकही नाही. आखाजी झाली की झोक्याचा दोर गुंडाळून मी इथं टांगते, पुढच्या आखाजीपर्यंत. आन् आमच्या घराचं कुलूप कुठं म्हणाल तर खरंच सांगता येणार नाही, कुठं तरी पडलं असेल, शोधायचं कामच पडलं नाही.

अरे, हे काय काढलंत पर्समधून? ठेवा, ठेवा आत. कुठून आल्या तुम्ही, फाट्यावरूनच ना? मारुती दिसला होता ना वाटेत? मंग झालं तर. आता तुम्ही मारुतीच्या अलीकडं आहात, इथं तुमचं काही चालायचं नाही. ते लिहिणं बाजूला ठेवा ताई, या पाटावर बसा, पूर्वेकडं तोंड करा, पदर पुढं घ्या, ओढणी असली तरी चालते. पुष्पा, गहू आण वं. आपली आंडेर जाई ऱ्हायनी.